एका गुडघ्यावर दोन संसार

"काळुराम, पाय सरळ करा."

बाकावरचा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला.

"अहो काळुराम!"

"आँ? मला बोलता का, बाय?"

कोपऱ्यात शेगडीवर वाळूच्या पिशव्या तापवणारी गंगुबाई फिसकन हसली. "गुडघ्याबरोबर कान पण आखडला वाटतं!"

तोही हसला. पाय मात्र अर्ध्यावर जाऊन अडला. "आई गं," एवढंच ऐकू आलं.

मालनने कपाळावर हात मारला नाही, कारण हाताला तेल होतं.

नौपाड्यातली तिची ही एवढीशी खोली. दारावर पाटी: 'अंगमर्दन व व्यायामोपचार'. मुंबईच्या इस्पितळात रीतसर शिकून आली होती, तरी लोकांच्या लेखी ती मालिशवालीच. सांधे आखडलेले कामगार येत, पण कामगाराच्या खिशात काय असणार? कारखान्यांचे विमे उतरवणाऱ्या कंपनीने बिलं दिली तरच खोली टिकायची. नाहीतर पाडव्याला घरमालक तिथे सायकलींचं दुकान थाटणार होता. त्याने दुकानाचं नावसुद्धा ठरवलं होतं आणि येता-जाता ते मालनला ऐकवत होता.

कंपनीने मोठ्या मिनतवारीने एक संधी दिली होती. काळुराम. राहणार बाळकुम. कारखान्यात गुडघ्यावर पेटी पडलेली. कंपनीचा इन्स्पेक्टर येऊन बघणार. काळुराम धड चालला तर बिल मंजूर, आणि पुढचे कामगारही इकडेच. लंगडला तर ती मालिश. मालिशला विमा नाही.

आता गंमत बघा. काळुराम दुखणाईत आहे तोवर तीच कंपनी त्याला घरबसल्या अर्धा पगार देत होती. बरा झाला की तो बंद. म्हणजे हा चालला तर मालनची चूल पेटणार, आणि लंगडला तर ह्याची.

"सोंग आहे गं सगळं," तो गेल्यावर गंगुबाई म्हणाली. "फुकटचा पगार कुणाला सोडवतो?"

मालनलाही ते पटू लागलं होतं. कारखान्याच्या डॉक्टरने लिहिलं होतं, साधा मुका मार. मुक्या माराने गुडघा असा लाकूड होत नाही. मुद्दाम वाकवलाच नाही तर होतो. आणि त्याचे तळवे! मिठाने खाल्लेले, भेगांनी चिरलेले. म्हणजे हा गडी अर्धा पगार खाऊन वर गुपचूप मिठागरात राबतोय.

"मिठागरात जाता काय हो?" तिने एकदा अंगठा रुतवत विचारलं.

"जायचो." मग जीभ चावून, "म्हंजे, घरच तिकडं हाय आमचं."

लबाड.

गंगुबाईने उपाय काढला. एका सकाळी ती एकदम किंचाळली, "अगो बाई, विंचू! बाकाखाली विंचू!"

मालन स्टुलावर चढली. तिला बेत ठाऊक होता, तरी चढली. काळुराम बसल्या जागेवरून खाली वाकला.

"कुठं? चप्पल द्या इकडं कोनतरी."

"पळा की!" गंगुबाई ओरडली.

"पळता आलं असतं तर इथं आलो असतो का, मावशी?"

विंचू सापडला नाही. काळुराम घाम पुसत हसत राहिला.

शेवटी मालनने सोंगं सोडून सरळ सांगितलं. "हे बघा, तुमचा अर्धा पगार जाईल, मला कळतंय. पण साहेबासमोर लंगडलात तर ही खोली जाईल. मग उद्या तुमच्यासारखा कुणी आला तर त्याचा पाय कोण सरळ करणार?"

त्याने गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "तुम्ही हात ठेवा, बाय. मी जोर लावतो."

त्या दिवसापासून तो दात-ओठ खाऊन व्यायाम करू लागला. पाय रोज थोडा आणखी सरळ होई. नाटक हळूहळू उतरवतोय, मालनला वाटलं. एकदम बरा झाला तर बरं दिसणार नाही ना!

इन्स्पेक्टर टिपणीससाहेब आले ते नाकाला रुमाल लावून. तेलाचा वास त्यांना सोसत नव्हता.

"नाव?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मालन मोठ्याने खाकरली.

"काळुराम."

"चाला. बसा. उकिडवे बसा. आता उठा. जिना उतरा, चढा."

तो चालला. बसला, उठला. जिना उतरून चढून आला. वर येताना गंगुबाईची भरलेली बादलीही घेऊन आला. गंगुबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

टिपणीससाहेबांनी रुमाल खाली घेतला. "बाई, ही मालिश नव्हे. बिल मंजूर. आणखी गडी पाठवतो, जागा आहे ना?"

"आहे ना!" मालन म्हणाली. घरमालक जिन्यात कान देऊन उभा होता. तो हळूच खाली उतरला.

त्या रात्री मालनला शांत झोप लागली. आपल्या चार शब्दांखातर एका गरीब माणसाने आयता पगार सोडला. लबाड म्हटलं त्याला आपण, मनात का होईना!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खेकड्यांची टोपली घेऊन आला. मागून खाकी कपड्यांतला एक तरणा गडी दोन-दोन पायऱ्या गाळत वर चढत होता.

"या, या काळुराम!" मालन हसून म्हणाली. "मग, आजपासून कारखान्यात ना?"

"व्हय बाय, तिकडंच चाललोय," मागचा गडी म्हणाला. "माझं मुक्या माराचं दुखनं चार दिवसांत गेलं. मग हा इथं यायचा आनि ह्याच्या जागी मिठागरात मी. हा गोविंदा, माझा थोरला भाऊ. तीन वर्सं लंगडत मीठ वाहत होता. मिठागरातल्या गुडघ्याला कुठला आलाय विमा?"