तुंबलेली कास

जनावरांच्या प्रदर्शनाच्या रिंगणात पाच गायी होत्या. धाकटीची गाय पाचवी, आणि नंबर काढणारे गुरांचे डॉक्टर अजून दुसरीपाशीच रेंगाळत होते.

बापाने सकाळपासून तिच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं. मोरकीची दोरी आखूड धरायची. गायीकडे नाही, डॉक्टरांकडे बघायचं. चालताना घाई नको. आणि शेवटचं दूध कधी काढलं असं विचारलं तर ठणकावून सांगायचं, आज सकाळी सहाला. प्रदर्शनाचा नियमच तसा होता. खरं म्हणजे दूध काढलं होतं काल सकाळी. कास भरलेली दिसावी म्हणून एखादी धार चुकवायची, ही युक्ती तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि प्रत्येक जण कानावर हात ठेवत होता. बाप बाकीच्यांपेक्षा जरा जास्त हुशार. त्याने दोन चुकवल्या होत्या.

दहा वर्षांच्या पोरीला कशाला पाठवता रिंगणात, असं आईने विचारून पाहिलं होतं. पण इलाज नव्हता. ती गाय दुसऱ्या कुणामागे चार पावलं चालायची नाही. गेली दोन वर्षं तिची धार धाकटीच काढत होती.

आता दुपार कलायला आली होती. कास इतकी ताणली होती की कातडी चकाकत होती. गाय मागचे पाय फाकून उभी होती आणि सारखा भार बदलत होती. दोरीपलीकडचे लोक म्हणत होते, "कास बघा कास! पहिला नंबर कुठे जात नाही." बापाचं तोंड खुललं होतं. धाकटीला नंबराचं काही पडलेलं नव्हतं. कास बिघडायच्या आत ही फेरी संपावी आणि आपल्याला बादली घेऊन खाली बसू द्यावं, एवढंच तिला हवं होतं. बापाने कबूल केलं होतं, फेरी संपली की लगेच.

डॉक्टर तिसऱ्या गायीपाशी आले. तिच्या मालकाशी त्यांची जुनी ओळख निघाली. मग मुलाचं कॉलेज, मुलीचं लग्न, गुडघेदुखी. धाकटीला त्या दोघांचा असा राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गाय हुंकारली. मोठ्याने नाही, घशातल्या घशात.

धाकटी घोकलेलं सगळं विसरली. तिने गायीच्या मानेला कपाळ टेकवलं, गळ्याखाली बोटांनी खाजवलं आणि ती हलकेच म्हणाली, "हो गं, हो, हो." रोज पहाटे धारेला बसण्याआधी ती हेच करायची, हेच म्हणायची. हे करू नको, असं बापाने सांगितलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं. दोन वर्षांत तो गायीखाली बसला होता कुठे?

गायीला मात्र ते बरोबर कळलं. तिने पान्हा सोडला.

आधी थेंब पडले, मग चारी सडांतून दूध आपोआप वाहू लागलं. लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण मातीत पडणाऱ्या दुधात लाल रेघ दिसत होती.

डॉक्टर गुडघेदुखी अर्धी टाकून आले. उकिडवे बसले. कासेला नुसता हात लावला तर गाय थरथरली.

"कधी काढलं होतंस गं दूध?"

सकाळी सहा हे उत्तर आता कुणालाही पटलं नसतं. धाकटीने दोरीपलीकडे पाहिलं. बाप पांढराफटक पडला होता. खरं बाहेर आलं असतं तर नाव कायमचं बाद झालं असतं त्याचं, चार लोकांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तो तिच्याकडे हात जोडल्यासारखा बघत होता. बापाला असं बघताना तिने कधी पाहिलं नव्हतं. दुधातल्या रक्तापेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"काल सकाळी," ती म्हणाली. "धार माझ्याकडे असते. मी विसरले."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

डॉक्टरांनी मान वर करून बापाकडे पाहिलं. बाप दोरीखालून वाकून आत आला आणि त्याने धाकटीच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"हजारदा सांगितलं हिला! एक काम धड करेल तर शपथ!"

"अहो, जाऊ द्या हो, लेकरू आहे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"लेकरू कसलं! लाडाने डोक्यावर बसलीये."

डॉक्टरांनी गायीच्या गळ्यातला नंबराचा बिल्ला काढून घेतला. "आधी हिला नेऊन मोकळी करा," ते म्हणाले आणि चौथ्या गायीकडे वळले.

मांडवामागे सावलीत धाकटी बादली घेऊन बसली. बाप आजूबाजूला कुणी नाही ना बघून जवळ आला.

"चारचौघांत तसं करावं लागतं गं," तो म्हणाला. "शहाणी आहेस तू. आज वाचवलंस मला."

धाकटी धार काढत राहिली. पुढची दोन्ही सडं मोकळी झाली. मागचं डावं हळूहळू सुटलं. मग ती उजव्याकडे वळली. तिने ते ओढलं, चोळलं, ओल्या फडक्याने शेकलं, पुन्हा ओढलं. एक पिवळी गुठळी बाहेर आली आणि त्यामागून काहीच आलं नाही.

"लागलं का फार?" बापाने विचारलं.

धाकटीने मान वर केली नाही.

"मागचं उजवं सड गेलं," ती म्हणाली.