पांढऱ्यावर डाग नाही

"मास्क लाव गं, नाहीतर पुन्हा रात्रभर खोकत बसशील," पुरुषोत्तम बाथरूमच्या बंद दाराबाहेरून म्हणाला. आत जायची त्याला सवय नव्हती. फटीतून अमोनियाचा वास आला, म्हणजे सेलेनियमचं टोनिंग सुरू झालं.

जयनगरच्या घरातलं हे मागचं बाथरूम गेली अठ्ठावीस वर्षं कल्पनाची डार्करूम होतं. फोटो तो काढायचा. कागदावर उतरवायची ती. कुठे उजेड अडवायचा, कुठे जास्त द्यायचा, सगळं तिच्या हातांना ठाऊक. सही मात्र त्याची. शाल त्याची, नारळही त्याचाच.

या वेळी बारा प्रिंट्स होत्या. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीच्या काचेच्या लॉबीत कायमच्या लागणार होत्या. परवा काम सुरू करण्याआधी तिने विचारलं होतं, "अहो, खाली पाटीवर माझं नाव घालायला सांगाल? 'प्रिंट: कल्पना.' एवढंच."

"धुणारीचं नाव कोण लिहितं?" तो खो खो हसला होता. "उद्या भांडीवाली पण मागेल!"

ती ट्रे मांडायला गेली होती.

आता कंपनीचा शिवकुमार प्रिंट्स बघायला आला होता. इथलाच, कन्नड मुलखात तीन पिढ्या काढलेला मराठी.

"अण्णा, टिकतील ना? लॉबीत दिवसभर ऊन असतं."

"शंभर वर्षं! हायपोत, म्हणजे प्रिंट पक्की करणाऱ्या द्रावणात, कमी बुडली, तर प्रिंट उजेडात वर्षभरात तपकिरी पडते, वाया जाते. पण टोनिंगचं सेलेनियम आधीच चहाडी करतं. पांढऱ्यावर लगेच पिवळे डाग. माझ्या घरून एकही प्रिंट या परीक्षेशिवाय बाहेर पडत नाही."

कल्पना शेवटची ओली प्रिंट घेऊन बाहेर आली. पुरुषोत्तमने चष्मा कपाळावर चढवून निरखलं. पांढरं लख्ख होतं.

"एक डाग दाखव! आणि काळ्यात सेलेनियमची वांगी छटा बघ कशी उतरलीय."

"सूपर, अण्णा," शिवकुमार म्हणाला. त्याला काळ्यात काळंच दिसत होतं.

"काय गं, उतरलीय ना?"

"तुम्हाला दिसली ना? सरी मग, झालं तर."

ती आत गेली. कडी लावली. ट्रेमधलं नुसतं अमोनियाचं पाणी मोरीत ओतलं. बाराही प्रिंट्स हायपोत पाच मिनिटांऐवजी जेमतेम अर्धा मिनिट राहिल्या होत्या. सेलेनियमची बाटली तिने, सील न फोडता, कपाटात परत ठेवली.