तिसऱ्या रांगेतला प्रश्न

"पाणी कोमटच ठेव. घसा बसलाय आज."

"ठेवलंय सर," शिपाई म्हणाला. "जास्तीचा पेलाही भरून ठेवलाय."

प्राध्यापक त्याच्याकडे न बघता भिंतीवरच्या फोटोतल्या रांगा मोजत होते. विद्यापीठाच्या खुल्या व्याख्यानमालेला पन्नास वर्षं झाली म्हणून सभागृहाबाहेर जुनी पत्रकं आणि फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं. हा फोटो एकतीस वर्षांपूर्वीचा, त्यांच्या पहिल्या व्याख्यानाचा. तिसरी रांग, कडेची खुर्ची, दोन वेण्यांची मुलगी. दाराशी कुणाचा तरी अर्धा हात आणि त्यातला ट्रे आला होता. बाकीचा माणूस फोटोग्राफरनं कापला होता.

"आज शेवटचं ना सर?"

"शेवटचं. तुझं किती राहिलं?"

"आठ महिने. मग गावी. वडील नाव चालवायचे तिथं, माणसं पलीकडे सोडायचे. आता पूल झाला. नदीसुद्धा सरकलीय म्हणा. बसेन काठावर."

"छान, छान," प्राध्यापक म्हणाले आणि खिशातलं पाकीट चाचपलं.

फोटोतल्या त्या दिवशी प्राध्यापक नद्यांच्या वळणांवर बोलले होते. वय चौतीस, नवी कोरी डॉक्टरेट, जीभ वस्तऱ्यासारखी. वाटेत दगड आला की नदी वळते, हे त्यांनी फळ्यावर आकृत्या काढून पटवून दिलं. शेवटी प्रश्नांची पेटी उघडली तर आत एकच चिठ्ठी. हिरव्या शाईत एकच ओळ : नदी पुढच्या दगडामुळे वळते, की मागं साचलेल्या गाळामुळे?

"प्रश्न विचारणाऱ्यानं आधी एकदा नदी बघून यावी," ते म्हणाले होते.

सभागृह खदखदून हसलं. हसू ओसरायच्या आत तिसऱ्या रांगेतली ती मुलगी उठली आणि घाईघाईनं बाहेर गेली.

चार दिवस त्यांनी ते हसण्यावारी नेलं. पाचव्या दिवशी स्वतःचीच मोजमापं पुन्हा काढून बसले, आणि घाम फुटला. दगड कुठं नव्हताच. गाळच होता. पुढची सगळी कारकीर्द त्या एका ओळीवर उभी राहिली. पुस्तक निघालं, मानसन्मान झाले. अर्पणपत्रिकेत त्यांनी लिहिलं : 'तिसऱ्या रांगेतून उठून गेलेल्या प्रश्नकर्तीस.' पुस्तकाचे गठ्ठे दर व्याख्यानाला शिपाई दाराशी मांडायचा, उरलेले पुन्हा बांधून ठेवायचा.

चिठ्ठी मात्र पाकिटातच राहिली.

"दुसऱ्या बाईची चिठ्ठी खिशात घेऊन फिरणारा नवरा माझ्याच वाट्याला यायचा होता," असं बायको पाहुण्यांना सांगायची. हसत सांगायची. पण दर वर्षी ते व्याख्यानाहून परतले की दार उघडताना आधी विचारायची, "आली होती का?"

कधीच आली नव्हती.

मग हा फोटो भिंतीवर लागला आणि ग्रंथालयातली एकजण म्हणाली, "अगंबाई, या तर आमच्या शाळेतल्या बाई." पत्ता मिळाला. निमंत्रण गेलं. होकार आला.

आज ती खुर्ची प्राध्यापकांनी मुद्दाम अडवून ठेवायला लावली होती. 'राखीव'ची पाटी शिपायानंच नेऊन ठेवली. साडेपाचला बाई आल्या. केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. पाटी उचलून मांडीवर ठेवली आणि बसल्या.

व्याख्यान तासभर चाललं. संपताच शिपायानं प्रश्नांची पेटी टेबलावर आणून ठेवली आणि नेहमीसारखा बाहेर गेला. प्रश्न सुरू झाले की हा आत थांबत नसे. विडी ओढायला जात असेल, असा प्राध्यापकांचा समज होता.

त्यांनी पेटी उघडली नाही.

"एकतीस वर्षांपूर्वी इथंच उभा राहून मी एका माणसाला हसलो," ते म्हणाले. "त्या माणसाच्या प्रश्नावर मी आयुष्य काढलं. श्रेय घेतलं. माफी मागायची तेवढी राहिली. ती आज मागतो."

आणि तिसऱ्या रांगेकडे बघून त्यांनी हात जोडले. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. बाई मात्र बसूनच होत्या. त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

सभागृह रिकामं झाल्यावर प्राध्यापक खाली उतरून त्यांच्याशेजारी बसले.

"सर, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय," बाई म्हणाल्या. "पत्रात नुसतं सत्कार लिहिलं होतं. मला वाटलं, जुने श्रोते बोलावले असतील."

प्राध्यापकांनी पाकिटातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. घड्यांवर ती विरली होती. बाईंनी ती चष्म्याजवळ नेली.

"शाई माझी आहे," त्या म्हणाल्या. "अक्षर माझं नाही."

"म्हणजे?"

"दाराशी एकजण उभा होता. त्यानं माझं पेन मागून घेतलं आणि गुडघ्यावर कागद धरून काहीतरी लिहिलं. नंतर सगळे हसले तसा तो निघूनच गेला. पेन नवं होतं हो, पहिल्या पगारातलं. म्हणून मी त्याच्यामागे पळाले."

"मग? दिलं त्यानं?"

"मी मागितलंच नाही. नळाखाली डोकं धरून उभा होता. रडत होता बहुतेक."

प्राध्यापकांचा हात चिठ्ठीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"कोण होता तो? आज दिसला तर ओळखाल?"

"न ओळखायला काय झालं?" बाई त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होत्या. "ते काय, आलेच की. तुमचं पाणी घेऊन."