राजधानीच्या संघाची गाडी

"‘समजते’ असं छापलं असेल, तर छापणाऱ्याला काहीही समजलेलं नाही, हे आधी ध्यानात घे," मामांनी चष्मा पुसला आणि वर्तमानपत्राचे क्रीडापान टेबलावर पसरले. "‘चर्चा आहे’ म्हणजे त्याने एकट्यानेच चर्चा केली आहे."

"आणि ‘निकटवर्ती सूत्रांनी सांगितले’?" भाच्याने विचारले.

"तिथे मात्र खरंच कोणीतरी तोंड उघडलंय. वाच."

राजधानीच्या संघाचे संचालक दोनदा भाच्याच्या घरी येऊन गेले असून बोलणी निर्णायक टप्प्यावर आहेत, असे निकटवर्ती सूत्रांनी सांगितले होते. शेजारी दारातल्या लांबलचक गाडीचे छायाचित्र होते.

मामांनी एका वर्तमानपत्रात आयुष्यभर मुद्रिते तपासली होती, त्यामुळे ओळींमधली रिकामी जागाही त्यांना वाचता येते असा घरात समज होता. भाचा गावच्या फुटबॉल संघाचा आघाडीवीर. प्रेक्षक त्याला ‘तोफ’ म्हणत. घरात ते नाव निघत नसे, कारण आईला घरात दारूगोळा चालत नसे. तिशी उलटलेल्या तोफेला राजधानीचे बोलावणे आयुष्यात एकदाच येते, हे तो जाणून होता. म्हणूनच जुन्या क्लबचा नवा करारनामा त्याने सही न करता ठेवला होता. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचे होते.

आई आत आली. "पाय खाली. आणि तू रे, क्रीडापानावर कप ठेवू नकोस."

मामांनी मुकाट्याने कप उचलला.

"आई, संचालक काय म्हणाले, एकदा सांग ना. दोन्ही वेळा मी सरावाला गेलो होतो."

"पहिल्या खेपेला बूट घालूनच आत आले. परत पाठवलं. मग हात धुतले, नखं दाखवली आणि बसले."

"नखं?"

"वाढलेली होती."

"ताई, अख्ख्या संघाचा मालक आहे तो!" मामा कळवळले.

"मग त्याने तर आधी कापायला हवीत."

"पण म्हणाले काय?"

"विचार करून कळवा म्हणाले. मी विचार करते आहे. बोलणी पक्की होईपर्यंत वाच्यता नको. तू तोवर त्या कागदावर सही करून टाक. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

ती गेल्यावर मामा कुजबुजले, "हा नकार नव्हे. ती तुझा भाव वाढवते आहे. सही करू नकोस."

मंगळवारी बातमी आली की वैद्यकीय तपासणी पार पडल्याचे समजते.

तोफ खदखदून हसली. "मामा, धादांत खोटं! मी फक्त आईचा गुडघा दाखवायला गेलो होतो. बाहेर बाकावर बसून होतो."

"बघ! तुला बाकावर पाहिलं आणि सुतावरून स्वर्ग गाठला."

बुधवारी छापून आले की तळमजल्यावरच्या घराची अट मान्य झाली आहे. तशी अट तोफेने कोणालाही घातली नव्हती. मामांना मात्र ती पटली. गोल करणाऱ्याने पाय जपावेत हे सूत्राला कळते, अर्थात सूत्र जाणकार आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

गुरुवारी अर्धे पान राजधानीच्या दुर्दशेवर होते. संघ तळाला गेलेला. वसतिगृहात राहणारे खेळाडू पहाटेपर्यंत जागतात, सरावाला उशिरा येतात, कोणी कोणाचे ऐकत नाही.

"अशा संघाला काय हवं?" मामांनी विचारले.

"गोल करणारा," तोफेने छाती फुगवली.

शुक्रवारी ‘आता केवळ घोषणा बाकी’ असे वाचताच त्याने जुन्या क्लबच्या करारनाम्याचा बोळा केला आणि बसल्या जागेवरून टोपलीत मारला. नेम अचूक लागला. मामांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी आईने माळ्यावरची मोठी बॅग उतरवायला लावली. रात्रीच्या जेवणापर्यंत ती इस्त्री करत होती. खोलीबाहेर इस्त्रीची ऊब येत होती. तोफ दाराशी घुटमळली.

"आई, तुला राग नाही ना आला?"

"राग कसला? मान देऊन बोलावतात तिथे जावं. काम करणाऱ्याने घर धरून बसू नये."

"पण एकटं वाटेल गं."

"वाटेल थोडे दिवस. मग सवय होते."

त्याने बाही डोळ्यांना लावली. आईने त्याच्या हातात इस्त्री केलेला रुमाल ठेवला. "डोळे पूस. आणि उद्या दाढी करून खाली ये. पाहुणे येणार आहेत."

शनिवारी गाडी दारात थांबली तेव्हा गल्लीत बातमीदारांची झुंबड उडाली होती. तोफ नव्या शर्टात उंबऱ्याशी उभी होती. मागे मामा कॅमेऱ्यांसाठी भांग नीट करत होते. संचालक पायऱ्या चढून आले, सांगायच्या आधीच बूट काढून मोज्यांवर उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे करून नखे दाखवत आत डोकावले.

तोफेने त्यातला उजवा हात धरून जोरजोरात हलवला. संचालकांनी तो हळूच सोडवून घेतला, त्याला वळसा घातला आणि बॅग उचलली.

"निघायचं ना, बाई? तळमजल्यावरची खोली झाडून ठेवली आहे. वसतिगृहातली सगळी पोरं पहाटेपासून रांगेत उभी आहेत."

"दात घासून?"

"दात घासून."

आईने पदर सावरला, गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या उतरली आणि गाडीत बसली. मग तिने काच खाली केली.

"टोपलीतला तुझा कागद इस्त्री करून टेबलावर ठेवला आहे," ती लेकाला म्हणाली. "अंघोळ झालीच आहे, तर सही करून टाक."