जिनाचा भोंगा

आठ दिवसांपासून मुकादम कापसातली सरकी काढायच्या जिनातलं घड्याळ रोज दुपारी वीस मिनिटं मागं सारत होता आणि रात्री पुन्हा जागेवर आणत होता. मग सुटीचा भोंगा उशिरा वाजायचा आणि कापूस निवडणाऱ्या बायांना तेवढं फुकट राबावं लागायचं. त्यातल्या जाईबाईचं तान्हं पोर घरी भुकेनं रडत असायचं, इकडं तिची चोळी दुधानं भिजायची. आजही ती तणतणत घराकडं निघाली, तर वाटेतल्या मोटारस्टँडवर मुकादम बायकोवर खेकसत होता. उद्या त्याच्या पोरीची अकोल्याला मॅट्रिकची परीक्षा होती आणि शेवटची मोटार आपल्या वेळेवर निघून गेली होती. "उशीर काहून केला?" "भोंगा वाजल्याबरोबर निघालो जी," बायको रडकुंडीला आली. "मोटारीच्या आधी वाजते ना तो?" ट्रंकेवर बसलेली पोरगी हुंदके देऊ लागली तशी जाईबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "आमच्यापुरतं घड्याळ मागं केलं ना, मुकादम? भोंगा तं साऱ्या गावाले ऐकू जाते, तुमच्या घरालेबी!"