छातीच्या गोळ्या

वेल्समधली खाण बंद पडल्यापासून इमलिन बायकोकडे पाठ करून झोपायचा. मग दवाखान्यात छातीच्या दुखण्यावरच्या नव्या गोळीची चाचणी निघाली आणि त्याने नाव दिलं. छाती दुखायची तशीच दुखत राहिली, पण इमलिन मात्र कूस बदलू लागला.

“औषध छातीऐवजी भलतीकडेच रक्त धाडतंय, म्हणून चाचणी बंद,” नर्स म्हणाली. “उरलेल्या गोळ्या परत करा. आणि हरवल्या म्हणू नका, सकाळपासून सगळे तेच सांगताहेत.”

“बाटली दिली तर बायको घरात घेणार नाही हो, सिस्टर!”

“अहो इमलिन, तुलनेसाठी निम्म्यांना औषध नसलेल्या, नुसत्या खडूच्या गोळ्या दिल्या होत्या. तुम्ही त्यातलेच.”

इमलिनने दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.



“मग या खडूच्याच आणखी चार बाटल्या द्या.”