उतार झाकलेली शाळा

सकाळी सव्वादहाला तपासणी अधिकारी शाळेच्या फाटकाशी गाडीतून उतरले. मुख्याध्यापिका बाईंना तेवढंच पुरलं. गेल्या दोन वर्षांचे अधिकारी गाडीतून उतरलेच नव्हते. पत्र्याचं उतरतं छप्पर काचेतूनच पाहून, गोदामात शाळा भरत नाही, असं सांगून ते माघारी गेले होते.

यंदाही मान्यता मिळाली नाही, तर एकोणीस मुलांना दहावीच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं.

बाई कुणाच्या विनवण्या करायला गेल्या नाहीत. छप्पर बघून नापास करतात ना, मग छप्परच दिसू देणार नाही, असं त्यांनी संस्थेच्या बैठकीत ऐकवलं आणि धाकट्या भावाला बोलावून घेतलं. पत्र्याच्या शेडना दर्शनी पट्ट्या बसवणं हाच त्याचा धंदा. उतार झाकला की शेडसुद्धा पक्क्या इमारतीच्या तोऱ्यात उभी राहते, हे तो वीस वर्षं गिऱ्हाइकांना पटवत आला होता.

त्याने आठ दिवसांत काम उरकलं. आढ्यापेक्षा चार बोटं उंच, चारही बाजूंनी, सिमेंटच्या रंगाची पत्र्याची पट्टी. तिला मागून लोखंडी टेकू, पाणी जायला आड लपलेली पन्हळ. वर्गांत फॉल्स सीलिंग.

"ताई, वर काय आहे ते आता फक्त कावळ्यांना कळेल," तो म्हणाला.

अर्जात छताच्या रकान्यात बाईंनी ‘सपाट, स्लॅबचं’ असं ठसठशीत लिहिलं. माहिती खोटी निघाल्यास शाळा कायमची बंद करण्यात येईल, असं खाली छापलेलं होतं. भावाने त्या ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी ते बाजूला सारून सही केली.

साहेबांनी दीड तास शाळा पाहिली. नळ सोडून पाहिले, खिडक्या मोजल्या, गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसले. फळ्यावर त्यांनी घातलेल्या उदाहरणातली चूक एका मुलीने उभं राहून दाखवली, तेव्हा आधी चपापले, मग हसले. वर एकदाच पाहिलं.

कार्यालयात बसल्यावर त्यांनी, अशी शाळा फार दिवसांनी पाहिली, असं मोकळेपणाने सांगितलं. मग अर्ज बाईंपुढे सरकवला.

"छताचं हे नक्की ना, बाई? पुन्हा विचारतोय."

"तुम्ही स्वतः पाहिलंत. स्लॅब आहे. आणि यंदा माझी मुलं परीक्षेला बसणार."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पिशवीतून एक कागद काढला.

"हा आदेश सोमवारीच आलाय. गेल्या महिन्यात दोन शाळांचे स्लॅब कोसळले. त्यामुळे यंदा मान्यता फक्त पत्र्याच्या उतरत्या छपराच्या शाळांना."